पस्तीस शिलिंगांचा समुद्र

११ एप्रिल १९३६. शनिवार. उद्या ईस्टर. नॉटिंगहॅमच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तुम्ही खिडकीपाशी बसला आहात. वर फळीवर पुठ्ठ्याची सूटकेस, तिला सुतळीचे दोन वेढे. समोर धाकटी बहीण. ती लेस मार्केटमधल्या एका गोदामात दिवसभर लेसच्या कडांचे सुटे धागे कापते. तुम्ही मोजे विणणाऱ्या कारखान्यात यंत्र सांभाळता. दोघांनाही सुट्टीचा पगार मिळत नाही. ईस्टरचे दिवस सगळ्यांनाच मोकळे असतात, त्यापुढचे तुम्ही मुकादमाकडून मागून घेतले आहेत, आणि तेवढे पैसे पुढच्या शुक्रवारी पाकिटात कमी येणार आहेत.

बहिणीच्या पर्समध्ये 'डेली एक्सप्रेस'मधलं कात्रण आहे. घड्यांवर ते फाटायला आलं आहे. बिली बटलिन नावाच्या माणसाने स्केगनेसजवळ समुद्रकाठी हॉलिडे कॅम्प बांधला आहे. दिवसातून तीन वेळा जेवणखाण, राहायला खोली, सगळे खेळ, सगळी करमणूक, आणि हे सगळं एकाच रकमेत. हंगामाप्रमाणे आठवड्याला ३५ शिलिंगांपासून ३ पौंडांपर्यंत. आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी, अशी त्याची घोषणा आहे. हिवाळाभर तुम्ही दोघांनी चहाच्या डब्यात नाणी टाकली, ती याचसाठी.

गाडी ग्रँथम, स्लीफर्ड करत बॉस्टनकडे निघते. बॉस्टनच्या चर्चचा मनोरा फार लांबून दिसायला लागतो, कारण इथून पुढे सगळी जमीन सपाट आहे. शेतं, पाण्याचे सरळ चर, पुन्हा शेतं. फलाटावर रेल्वेचं ते ओळखीचं चित्र लावलेलं आहे: एक जाडजूड कोळी मोठे बूट घालून, हात पसरून वाळूवर उड्या मारत चालला आहे. जॉन हॅसल यांनी १९०८ साली ते १२ गिनींना काढून दिलं. स्केगनेसची हवा अंगात जोम भरते, असं त्याच्यावर लिहिलेलं आहे. ही हवा म्हणजे उत्तर समुद्रावरून थेट अंगावर येणारा वारा. एप्रिलमध्ये तो कसा असतो, हे चित्रावरून कळत नाही.

तुम्हाला मात्र ठाऊक आहे, कारण स्केगनेस तुम्हाला नवं नाही. गेल्या उन्हाळ्यातले दिवस आठवा. गावातल्या मागच्या गल्लीतलं बोर्डिंग हाऊस, जिन्यात कोबी उकडल्याचा वास. सकाळी नाश्त्याच्या बश्या उचलल्या की घरमालकीण पुढचं दार उघडून बाजूला उभी राहायची. बोलायची काही नाही. दार उघडं आहे एवढंच पुरे. जेवणाच्या वेळेपर्यंत परत यायचं नाही, हा तिथला नियम. मग पाऊस असो की वारा. तुम्ही दोघं समुद्राकडेच्या रस्त्यावरच्या त्या काचेच्या आडोशाला बसलात, तिथे आधीच एक कुटुंब बसलं होतं, दोन लहान मुलं, ओले मोजे. पाऊस संपेना. चहा प्यायला जायचं तर पैसे, पिअरवर जायचं तर पैसे, सिनेमाला पैसे. पैसे न देता बसता येईल अशी जागा तो आडोसाच. शनिवारी बिल आलं तेव्हा टेबलावरच्या मीठ-मिऱ्याच्या वापराचे पैसे वेगळे, आंघोळीच्या गरम पाण्याचे वेगळे. बहिणीने ते बिल दोनदा वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रकमेमुळे नव्हे. इतके दिवस आपण या बाईच्या घरात अडचण होतो, हे तिला त्या कागदावरून कळलं.

बटलिन यांनी हेच दृश्य वेल्समधल्या बॅरी आयलंडवर पाहिलं होतं. तेही पाहुणेच होते तेव्हा, आणि त्यांनाही दिवसभर बाहेर काढलं होतं. जन्म केपटाऊनचा, १८९९ सालचा. वाढले इंग्लंडमध्ये आणि कॅनडात. टोरोंटोतल्या ईटन्सच्या दुकानात नोकरीला असताना कंपनीच्या उन्हाळी शिबिरात तळ्याकाठी राहायला मिळालं, ती त्यांच्या आयुष्यातली पहिली खरी सुट्टी. पुढे इंग्लंडला परत येऊन त्यांनी जत्रांमधून रिंग टाकण्याच्या खेळाचा स्टॉल लावला, १९२७ साली स्केगनेसला करमणुकीचं मैदान सुरू केलं, आणि पाठोपाठ धडकगाड्या आणल्या. कॅम्पची कल्पना काही त्यांची एकट्याची नाही. आइल ऑफ मॅनवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच तरुण पुरुषांसाठी तंबूंचा कॅम्प होता, कॅस्टरला १९०६ साली समाजवाद्यांनी काढलेला होता, हॅरी वॉर्नर यांचे दक्षिणेत सुरू आहेत. पण सगळे पैसे आधी भरा आणि मग आठवडाभर खिशात हात घालू नका, ही गोष्ट इतक्या मोठ्या प्रमाणावर गरिबांच्या हाती बटलिन यांनी दिली, आणि तिचं मूळ त्या बोर्डिंग हाऊसच्या उघड्या दारात आहे. म्हणूनच आज तुमच्या मनात एवढी आशा आहे. समुद्र तर तुम्ही आधीही पाहिला होता. या वेळी कुणी हाकलणार नाही, याचे ते ३५ शिलिंग आहेत.

स्केगनेस स्टेशनातून बस घड्याळाच्या मनोऱ्यावरून उत्तरेला वळते आणि तीनेक मैलांवर इंगोल्डमेल्सला तुम्हाला उतरवते.

वारा कानात शिरतो. फाटकाच्या आत पांढऱ्या इमारती दिसतात, त्यांचा रंग इतका ताजा की नाकाला कळतो. सात-आठ महिन्यांपूर्वी इथे सलगमचं शेत होतं. सप्टेंबरमध्ये खोदायला सुरुवात झाली आणि हिवाळाभर माणसं राबली, पण जमिनीला एवढ्या लवकर बाग व्हायला जमत नाही. वाफे उघडे आहेत. वाटेच्या कडेला चिखल आहे आणि त्यावर फळ्या टाकल्या आहेत. कोटाला मीनाकारी केलेला एक छोटासा बिल्ला लावायला मिळतो. तोच तुमचा आत-बाहेर जायचा परवाना. बहीण तो लावते, निरखते आणि पहिल्यांदा हसते.

खोली म्हणजे एका लांबलचक रांगेतली छोटीशी शॅले, जुन्या एलिझाबेथकालीन घरांसारखी दिसावी म्हणून दर्शनी बाजूला लाकडी पट्ट्या ठोकलेली. दोन पलंग, पडदा, विजेचा दिवा. तोटी फिरवली की पाणी येतं. तुमच्या घरी नॉटिंगहॅमला पाणी मागच्या अंगणातल्या नळावरून आणावं लागतं, त्यामुळे बहीण ती तोटी दोनदा उघडते आणि बंद करते. पाणी बर्फासारखं गार आहे. खोलीत शेगडी नाही. पलंगावर बसलं की दाराखालून येणारा वारा घोट्यांना लागतो. दहा मिनिटांत खोली पाहून होते, आणि मग काय करायचं ते दोघांनाही सुचत नाही.

तुम्ही बाहेर पडता. कात्रणात लिहिलेलं सगळं इथे खरोखर आहे, हे मान्य करावं लागेल. पोहण्याचा तलाव आहे, दोन्ही टोकांना पायऱ्यांवरून पाणी पडतं, कडेला रोडोडेंड्रॉनची झुडपं आहेत. होड्यांचं तळं आहे, टेनिसची मैदानं आहेत, नाटकघर आहे, व्यायामशाळा आहे. तलावात कुणीही नाही. काठावर कोटांच्या कॉलरी वर केलेली माणसं उभी राहून पाण्याकडे बघताहेत. समुद्र ओहोटीला लागलेला, लांब, करड्या रंगाचा.

एका दालनात बिलियर्ड्सचं टेबल रिकामं आहे. तुम्ही दारात थांबता.

"विचार ना, किती पडतात ते," बहीण हळूच म्हणते.

"काहीच नाही. सगळं त्यातच आहे."

"आज म्हणतील तसं. शनिवारी बिलात लावतील."

तुम्ही काठीला हात लावत नाही. तुमच्या मागे आणखी एक जोडपं येऊन उभं राहतं, तेही आत जात नाही. या दारापाशी जरा थांबा, कारण त्या दिवसाची खरी अडचण इथे आहे. आयुष्यभर प्रत्येक आनंदाला दारावर तिकीट होतं. भोंग्याने उठायचं, भोंग्याने जेवायचं, आणि मोकळा वेळ म्हणजे रविवारचे काही तास. अशा माणसापुढे अख्खा आठवडा आणि सगळी दारं उघडी ठेवली, तर तो आत धावत नाही. तो दारात उभा राहतो आणि चूक होईल म्हणून घाबरतो. त्याला आळशी किंवा अरसिक म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला आतापर्यंत कुणी या म्हटलेलंच नाही.

रात्रीच्या जेवणाला घंटा होते. जेवणघर प्रचंड मोठं, लांब टेबलांच्या रांगा, वर कागदी पताका. पण ऊब नाही. शेकडो माणसं कोट घालून जेवायला बसली आहेत. काही बायकांच्या हातांत मोजेही आहेत. काटा उचलायला त्या एकाच हाताचा मोजा काढतात.

"कोट काढू नकोस," बहीण सांगते. "सगळेच घालून बसलेत."

सूप गरम आहे, मांस-बटाटे भरपूर आहेत, मीठ-मिरी मधोमध ठेवलेली आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. पोट भरतं. तरीही त्या दालनात ऐकू येतात ते फक्त चमचे. तुमच्या डावीकडे शेफील्डकडचं वाटणारं एक कुटुंब आहे, समोर दोन मैत्रिणी. कुणाशी ओळख नाही आणि ओळख करून द्यायला कुणी नाही, म्हणून सगळे आपापल्या ताटात बघून जेवतात. बोर्डिंग हाऊसमध्ये निदान चीड आणणारी एक घरमालकीण होती. तिच्याविषयी बोलता बोलता पाहुणे एक व्हायचे. इथे राग धरायलाही कुणी नाही. नंतर नाचाच्या दालनात बँड वाजतो आणि खुर्च्या भिंतीला लागून भरतात. मधली फरशी रिकामी. बहीण घड्याळ बघते. साडेआठ. उद्या पहिल्या गाडीने घरी गेलं तर किती पैसे परत मिळतील, हा विचार तुमच्या मनात येऊन जातो. तो बोलून दाखवायची लाज वाटते, कारण तिनेही तेवढीच नाणी टाकली होती.

आता दाराकडे बघा. बुटका, नीटनेटका सूट घातलेला, बारीक मिशीचा एक माणूस तिथे उभा आहे. तुम्ही त्याला ओळखत नाही. तो बँडकडे बघत नाही, दिव्यांकडे बघत नाही. भिंतीला लागून बसलेल्यांचे चेहरे एकेक करून बघतो आहे. तेच बटलिन. कर्ज काढून, जमवलेलं सगळं यात घातलेल्या या माणसाला चित्र स्पष्ट दिसतं आहे: कागदावर दिलेला एकही शब्द मोडलेला नाही, आणि तरी पाहुणे दुःखी आहेत. गरम नळ्या उद्या बसवता येतील, चिखलावर खडी टाकता येईल. या बसलेल्या माणसांचं काय करायचं? मला त्यांच्या सगळ्या व्यवसायात हा क्षण सगळ्यांत मोठा वाटतो. तक्रार करायला एकही पाहुणा उठलेला नव्हता. बटलिन यांनी ती चेहऱ्यांवर वाचली आणि त्याच वेळी काहीतरी केलं.

त्यांच्याबरोबर नॉर्मन ब्रॅडफर्ड नावाचा माणूस आहे. तो करमणूक करणारा नाही, याच कॅम्पच्या बांधकामावरचा इंजिनिअर आहे, पण बोलका. बटलिन त्याला पुढे पाठवतात. तो मायक्रोफोन हातात घेतो आणि गाणं न म्हणता, भाषण न करता सरळ तुमच्याशी बोलायला लागतो. शेजारी कोण बसलंय? वळा त्यांच्याकडे. हात पुढे करा. नाव सांगा, गाव सांगा.

तुम्ही डावीकडे वळता. शेफील्डवाला आधीच वळलेला आहे. त्याचा हात भट्टीवर काम केलेला, खरखरीत, गरम. तो पोलादाच्या कारखान्यात आहे, बायकोचे गुडघे दुखतात, मुलगी पहिल्यांदाच समुद्र बघते आहे. हे सगळं तो एका दमात सांगतो. दुपारपासून ते सांगायला त्याला माणूस हवा होता. जेवताना समोर बसलेल्या दोघी मैत्रिणींपैकी एक बहिणीला विचारते, लेसचं काम डोळ्यांना त्रास देतं का हो? बहीण म्हणते, हो, खूप. आणि मग ती बोलतच राहते. ब्रॅडफर्ड एक विनोद सांगतो, फारसा चांगला नाही, पण सगळं दालन हसतं. कुणीतरी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकतं. थोड्या वेळाने मधल्या फरशीवर जागा उरत नाही. हवा तेवढीच गार आहे.

लवकरच ब्रॅडफर्ड लाल कोट आणि पांढरी पँट घालून येतो, म्हणजे गर्दीत कुठूनही दिसावा. त्या रात्रीच बटलिन यांनी ठरवलं होतं की असं काम करणारी माणसं पगारावर ठेवायची. तेच पुढे 'रेडकोट' म्हणून सगळ्या ब्रिटनला माहीत झाले. पाहुण्याला एकटं वाटू न देणं हीसुद्धा नोकरी असू शकते, आणि तिला पगार द्यावा लागतो, हे तिथे पहिल्यांदा लक्षात आलं असं मी म्हणणार नाही. पण एवढं सरळ फार थोड्यांनी मान्य केलं.

आठवडा वेगाने जातो. मंगळवारी तुम्ही बिलियर्ड्स खेळता. बुधवारी जेवणघरात वाढणारीच्या हातून बश्यांची चळत पडते आणि अख्खं दालन टाळ्या वाजवतं, तीही हसते. शेफील्डच्या मुलीला तुम्ही होडी वल्हवायला शिकवता.

मात्र एक गोष्ट तुम्हाला पटत नाही, आणि ती इथे नोंदवायलाच हवी. लाऊडस्पीकर. सकाळी तो उठवतो, जेवायला बोलावतो, स्पर्धेला बोलावतो, नाचायला बोलावतो. गुरुवारी तुम्हाला एकट्याने वाळूवर लांब चालायचं असतं. लाल कोटातला एक तरुण हसत हसत आडवा येतो आणि रस्सीखेचीला माणूस कमी आहे म्हणतो. नाही म्हणणं कठीण जातं. कारखान्यातला भोंगा तुम्ही मागे ठेवून आलात आणि इथे गोड आवाजाचा दुसरा भोंगा भेटला, असं त्या क्षणी वाटतं. बटलिनच्या कॅम्पांवर पुढची अनेक वर्षं हीच टीका होत राहिली: माणसांना कळपासारखं हाकलतात. ती टीका खरी होती. बहिणीला मात्र तो आठवडा तिच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला आठवडा वाटतो, आणि हेही खरं होतं. पाहुणे एका साच्याचे नसतात. एकाला सोबत हवी असते, दुसऱ्याला शांतता, आणि एकाच रकमेत दोन्ही द्यायची कला अजून फार थोड्या ठिकाणांना साधली आहे.

शनिवारी निघताना तुम्ही कार्यालयाच्या खिडकीशी थांबता. बहीण मागे उभी आहे, पर्स घट्ट धरून. बिल येत नाही. काही देणं नाही, आतला माणूस सांगतो. ती तरीही क्षणभर तिथेच थांबते.

आता काळात थोडं पुढे या. तुम्ही नॉटिंगहॅमला परत यंत्रावर आहात, आणि जूनमध्ये वर्तमानपत्रात बातम्या येतात: फ्रान्समध्ये नव्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी दिली, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी सुट्टीचा करार मंजूर केला. ब्रिटनमध्ये कायदा व्हायला १९३८ साल उजाडतं. बटलिन यांनी त्यासाठी प्रचार केला. त्यात त्यांचा धंदा होता हे उघड आहे, म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. कायद्यातली सक्ती मर्यादित होती, पण आठवडाभराची पगारी सुट्टी हा कामगाराचा हक्क म्हणून बोलला जाऊ लागला. त्याच वर्षी क्लॅक्टनला त्यांचा दुसरा कॅम्प उघडला.

आणि सप्टेंबर १९३९. युद्ध. नौदल स्केगनेसचा कॅम्प ताब्यात घेतं आणि त्याला जहाजासारखं नाव देतं, 'एचएमएस रॉयल आर्थर'. शेफील्डहून, नॉटिंगहॅमहून बोलावलेली पोरं त्याच शॅलेंमध्ये राहून खलाशाचं शिक्षण घेतात, त्याच जेवणघरात जेवतात. कॅम्प पाहुण्यांना परत मिळाला तो १९४६ साली.

नॉटिंगहॅमहून स्केगनेसला आजही थेट गाडी जाते, ग्रँथम आणि बॉस्टनवरूनच. इंगोल्डमेल्सचं रिसॉर्ट चालू आहे आणि १९३६च्या रांगांमधली एक शॅले संरक्षित वास्तू म्हणून जपून ठेवली आहे. इंग्लंडात राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांनी ती जरूर पाहावी. आणि पुढच्या सुट्टीत, सगळे पैसे आधी भरून तुम्ही कुठल्याही समुद्रकाठी उतरलात आणि पहिल्याच संध्याकाळी मन खट्टू झालं, तर घरी येऊन लिहायची वाट पाहू नका. त्याच रात्री उठा, तिथल्या कुणाला तरी गाठा आणि सांगा. स्केगनेसच्या पाहुण्यांना, ते काही न बोलताही, त्यांची दखल घेणारा मालक मिळाला. तो प्रत्येकाला मिळत नाही.